निदण उपटण्याआधी : मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या गुंत्याविषयी



या पानावर आम्ही बहुधा भाताच्या करप्याविषयी, काजूच्या किडीविषयी किंवा पावसाळी तापाविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आणि जरा अवघड आहे. मेंदूतील काही रक्तवाहिन्या एकमेकींना चुकीच्या रीतीने जोडल्या जातात आणि त्यांचा गुंता होतो. डॉक्टर त्याला आर्टिरिओव्हीनस मालफॉर्मेशन, किंवा थोडक्यात ए.व्ही.एम. म्हणतात. विकार दुर्मीळ आहे. एक लाख वस्तीत वर्षाला सुमारे एकाच माणसाला तो नव्याने आढळतो. मग एवढ्यासाठी पान का खर्ची घालावे, असे कोणी विचारील.

कारण असे की, पूर्वी हा गुंता बहुधा फुटल्यावरच कळे. आता बेळगाव, मडगाव, म्हापसा अशा ठिकाणी सी.टी. स्कॅन आणि एम.आर.आय.ची यंत्रे आहेत. डोके दुखते म्हणून किंवा मोटारसायकलवरून पडला म्हणून फोटो काढतात, आणि त्यात भलतेच काही दिसते. रिपोर्टचा कागद घरी येतो आणि मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सारे घर घाबरून कर्ज काढायला, जमीन विकायला निघते. नाही तर "आता काही दुखत नाही ना?" असे म्हणून कागद पेटीत जातो, आणि पुन्हा कोणी त्याचे नाव काढत नाही.

आमच्या मते या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. तिसरी वाट आहे. ती म्हणजे गुंत्याचा स्वभाव समजून घेणे, वर्षावर्षाचा धोका मोजणे, उपचाराचाही धोका मोजणे, आणि मग शांतपणे ठरवणे. पेरणीपूर्वी जो आभाळ, जमीन आणि गाठीचा पैसा या तिन्हींचा हिशेब करतो, त्या शेतकऱ्याला ही वाट समजायला कठीण नाही.

पाट, वाफा आणि चर

निरोगी शरीरात रक्ताची वाट शेतातल्या पाण्यासारखी असते. हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून जोराने येते, जसे पंपाचे पाणी पाटातून येते. पाटाचे पाणी आपण सरळ निचऱ्याच्या चरात सोडत नाही. ते वाफ्यावाफ्यातून फिरते, मातीत मुरते, त्याचा जोर मोडतो, आणि उरलेले पाणी सावकाश चरात उतरते. शरीरात वाफ्याचे काम केसाहून बारीक अशा केशवाहिन्या करतात. प्राणवायू आणि पोषण त्या मेंदूला पोचवतात, रक्ताचा जोर तेथे ओसरतो, आणि मग ते नीलांतून हृदयाकडे परतते. नीलांच्या भिंती पातळ असतात, कारण एरवी त्यांना जोराचे रक्त सोसावे लागत नाही.

आता समजा, खेकड्याने बांध पोखरून पाटातून थेट चरात बीळ पाडले. पाणी वाफ्यात न जाता धो धो चरात पडू लागते. चराच्या कडा त्या माऱ्यासाठी बांधलेल्या नसतात. त्या रुंदावतात, खचतात, आणि एखाद्या दिवशी ढासळतात. मेंदूतील गुंत्यात नेमके हेच होते. रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये केशवाहिन्या नसतातच. रोहिणीचे जोराचे रक्त थेट पातळ नीलेत शिरते. नीला फुगते, वेडीवाकडी होते, आणि फुटली तर रक्त मेंदूत पसरते.

हा गुंता म्हणजे कर्करोगाची गाठ नव्हे. तो शरीरात इतरत्र पसरत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेकांत त्याचे मूळ जन्माआधी किंवा वाढीच्या वयात पडलेले असते असे मानतात. गरोदरपणी ग्रहण पाहिले, कोणाचा शाप लागला, आईबापांचे पाप भोवले, असले बोल आम्ही आमच्याही धर्मग्रामात ऐकतो. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असेच विचारले होते आणि प्रभूने त्यांना काय उत्तर दिले ते आपण जाणतो. तेच उत्तर येथेही लागू आहे.

बहुतेक वेळा हा विकार घराण्यातून येत नाही. त्याला एक अपवाद सांगितला पाहिजे. काही कुटुंबांत नाकातून वारंवार रक्त जाते, आणि ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके दिसतात. रक्तवाहिन्यांचा हा एक आनुवंशिक विकार आहे. आईबापांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा असतो, आणि अशा काही जणांच्या मेंदूत किंवा फुप्फुसात असे गुंते सापडतात. आजोबा, बाप आणि मुलगा अशा तिघांच्याही नाकातून रक्त येत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

गुंता स्वतःची ओळख कशी देतो

लिस्बन येथील डॉक्टर एगास मोनिझ यांनी १९२७ साली जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचे क्ष-किरण चित्र प्रथम घेतले. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच अमलाखाली होता. त्या चित्राला अँजिओग्राफी म्हणतात. गुंत्याचा नेमका नकाशा पाहायचा तर आजही त्याच तपासाचा आधार घेतात. १९७० नंतरच्या दशकात सी.टी. स्कॅन आणि पुढे एम.आर.आय. आले, तेव्हा न फुटलेले गुंतेही दिसू लागले.

ज्यांना हा विकार आढळतो त्यांतील जवळजवळ निम्म्यांना तो प्रथम रक्तस्रावाने कळतो. पुष्कळांना आधी फिट येते. काहींना दीर्घकाळ डोकेदुखी असते, काहींना नाडीच्या ठोक्याबरोबर कानात सूं सूं आवाज येतो, क्वचित कोणाचा एखादा हात किंवा पाय हळूहळू दुबळा होतो. वय बहुधा तरुण असते, वीस ते चाळीसच्या आसपास. म्हणजे नांगर धरणारा, घर चालवणारा, लहान लेकरांचा आईबाप असलेला माणूस यात सापडतो.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे हा गुंता नव्हे, आणि प्रत्येक फिटही नव्हे. फिताकृमीची अंडी पोटात गेल्याने मेंदूत होणाऱ्या गाठी हे आपल्या देशात फिट येण्याचे फार मोठे कारण आहे. म्हणून फिट आली की अंदाज बांधू नये, डॉक्टरांकडून तपास करून घ्यावा.

वर्षावर्षाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. गुंता तसाच ठेवला तर पुढे काय होते?

फिनलंडमधील डॉक्टरांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणे दिसलेल्या पण शस्त्रक्रिया न झालेल्या १६० रुग्णांकडे त्यांनी सरासरी सुमारे २४ वर्षे लक्ष ठेवले होते. दरवर्षी शंभरातील सुमारे ४ जणांना रक्तस्राव झाला आणि सुमारे १ जण दगावला. हे प्रमाण वर्षे लोटली म्हणून कमी झाले नाही. पहिल्या लक्षणापासून पुढच्या रक्तस्रावापर्यंत सरासरी साडेसात वर्षांहून अधिक काळ गेला. म्हणजे पाच वर्षे काही झाले नाही एवढ्यावरून संकट टळले असे समजता येत नाही.

पुढे २०१४ साली चार ठिकाणच्या मिळून अडीच हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. तीत दोन गट स्पष्ट वेगळे दिसले. ज्यांचा गुंता पूर्वी कधी फुटला नव्हता, त्यांना वर्षाला शंभरात सुमारे १.३ एवढा धोका होता. ज्यांचा एकदा फुटला होता, त्यांना सुमारे ४.८. एकदा फुटलेला गुंता हा खचलेल्या बांधासारखा असतो. रक्तस्रावानंतरच्या पहिल्या वर्षात तर धोका आणखी वाढलेला असतो. त्यामुळे रक्तस्रावातून माणूस उठला, चालू लागला, आता देवाच्या कृपेने सुटला, असे म्हणून तपासणी सोडून देणे हे सर्वांत घातक. कृपा मानावी, आणि दवाखान्याची तारीखही पाळावी.

१.३ हा आकडा लहान वाटतो. पण तो दरवर्षी लागू होतो, व्याजासारखा साठत जातो. हे प्रमाण आयुष्यभर तेवढेच राहते असे धरून आम्ही हिशेब मांडून पाहिला. पंचवीस वर्षांच्या मुलाचा गुंता कधीच फुटलेला नाही. पासष्टीपर्यंतच्या चाळीस वर्षांत तो एकदा तरी फुटण्याचा संभव शंभरात सुमारे ४१ येतो. तोच गुंता सत्तर वर्षांच्या आजोबांना सापडला, तर पुढच्या दहा वर्षांचा संभव शंभरात सुमारे १२. आणि एकदा फुटलेल्या गुंत्याचा दहा वर्षांतील संभव सुमारे ३९. विकार एकच, पण तीन माणसांचे हिशेब तीन तऱ्हेचे. शेजारच्या गावात अमक्याने ऑपरेशन केले किंवा तमक्याने केले नाही, यावरून आपले ठरवू नये ते याचसाठी.

काही गोष्टींनी धोका वाढतो. पूर्वी झालेला रक्तस्राव ही त्यांतील मोठी. गुंता मेंदूच्या खोल भागात असणे, त्यातील रक्त फक्त खोलवरच्या नीलांतूनच बाहेर जात असणे, आणि रोहिणीवर फुगवटा असणे, या आणखी तीन. या चार गोष्टी आपल्या रिपोर्टात आहेत की नाहीत, हे डॉक्टरांना विचारण्याचा आपला हक्क आहे.

रक्तस्राव झाला म्हणजे काय होते तेही झाकून ठेवू नये. शंभरातील दहा किंवा त्याहून अधिक जण दगावतात. वाचलेल्यांपैकी काहींचा हात, पाय, वाचा किंवा दृष्टी कायमची अधू होते. पण पुष्कळ जण बरे होऊन कामालाही लागतात. ही तिन्ही वाक्ये एकत्रच वाचावीत.

उपटावे की राखावे?

गव्हाच्या शेतात वैऱ्याने निदण पेरले. चाकर म्हणाले, आम्ही ते उपटून काढतो. धनी म्हणाला, थांबा, निदण उपटताना गहूही उपटला जाईल. हा दृष्टांत आपण मत्तयच्या शुभवर्तमानात वाचतो. तो अखेरच्या न्यायाविषयी आहे, औषधोपचाराविषयी नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या धन्याचे शेतीचे शहाणपण येथेही उपयोगी पडते. मेंदूतील गुंता हे निदण आहे, आणि त्याच्याभोवती बोलणे, चालणे, पाहणे, आठवणे हा गहू आहे.

उपटण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कवटी उघडून गुंता काढून टाकणे. दुसरा, जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुंत्यात चिकट द्रव्य भरणे. बहुधा हा मार्ग इतर उपचारांच्या जोडीने वापरतात. तिसरा, गॅमा नाइफसारख्या यंत्राने नेमके किरण सोडणे. किरणांनी लहान गुंते दहापैकी सात-आठ जणांत बंद होतात, पण त्याला दोन ते तीन वर्षे लागतात, आणि तोवर फुटण्याचा धोका राहतोच. "किरण दिले, आता झाले" असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शस्त्रक्रिया किती धोक्याची, हे अजमावण्यासाठी १९८६ साली स्पेट्झलर आणि मार्टिन या डॉक्टरांनी पाच पायऱ्यांचे माप दिले. गुंता किती मोठा, तो मेंदूच्या महत्त्वाच्या भागात आहे का, आणि त्याचे रक्त खोल नीलांत उतरते का, एवढ्या तीन प्रश्नांवर ते बेतलेले आहे. पहिल्या-दुसऱ्या पायरीचा गुंता निष्णात हातांनी बहुधा सुखरूप निघतो. चौथ्या-पाचव्या पायरीवर शस्त्रक्रियेनेच माणूस पांगळा होण्याचे भय मोठे असते. तेथे रोगापेक्षा इलाज भयंकर ठरू शकतो, म्हणून असे गुंते डॉक्टर शक्यतो राखून ठेवतात.

न फुटलेल्या गुंत्याविषयी एक मोठी चाचणी झाली. नऊ देशांतील सुमारे सव्वादोनशे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फक्त औषधे व देखरेख दिली, दुसऱ्याला त्याबरोबर गुंता बंद करण्याचे उपचारही केले. २०१३ साली चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे पावणेतीन वर्षांच्या काळात देखरेखीच्या गटात शंभरातील १० जणांना मृत्यू किंवा पक्षाघात गाठून गेला, तर उपचाराच्या गटात ३१ जणांना. २०२० साली पाच वर्षांपर्यंतची माहिती आली, तीही त्याच बाजूची होती.

या चाचणीवर पुष्कळ मेंदूशल्यविशारदांनी आक्षेप घेतले. काळ फार थोडा होता, निव्वळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण कमी होते, नाना तऱ्हेचे गुंते एकत्र मोजले गेले, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. उपचाराचा धोका एकदम पहिल्याच वर्षांत दिसतो, न उपचारण्याचा धोका चाळीस वर्षांत विखुरलेला असतो. पंचविशीतल्या मुलाला पाच वर्षांचा आकडा पुरेसा नाही. तरीही एवढे निश्चित की, न फुटलेला गुंता दिसला म्हणजे तो लगेच काढलाच पाहिजे, असे म्हणण्यास आज आधार नाही. आणि फुटलेला गुंता नुसता पाहत बसावा, असे म्हणण्यासही नाही. आमचे मत या दोन वाक्यांवर उभे आहे.

राखणे म्हणजे विसरणे नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील तो माळी अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो, पण ते वर्ष तो झोपून काढणार नाही. तो आळे खणणार आहे, खत घालणार आहे. गुंता राखणाऱ्यानेही रक्तदाब आटोक्यात ठेवावा, तंबाखू सोडावी, सांगितलेल्या अंतराने तपासणी करावी, आणि कोणत्याही दुखण्यावर रक्त पातळ करणारे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना गुंत्याची कल्पना द्यावी.

जमीन विकण्याआधी

न फुटलेल्या गुंत्याचा निर्णय एका रात्रीत घ्यावा लागत नाही. काही आठवडे विचाराला मिळतात. त्या आठवड्यांत जमिनीचा सौदा न करता दुसरे मत घ्यावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बंगळूरचे निम्हान्स, तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, दिल्लीचे एम्स, या सार्वजनिक संस्थांत मेंदूच्या विकारांचे जाणकार आहेत. रिपोर्टाच्या कागदाबरोबर स्कॅनची सी.डी.ही न्यावी, कारण कागदावरून गुंत्याची पायरी नीट ठरत नाही.

तेथे विचारावयाचे प्रश्न एका कागदावर लिहून न्यावेत. गुंता फुटलेला आहे का? कितव्या पायरीचा? माझ्या वयाला न उपचारण्याचा धोका किती, आणि उपचाराचा किती? तुमच्या हातून असे किती उपचार झाले, त्यांतील किती जण अधू झाले? एकूण खर्च किती, आणि तो योजनेत बसतो का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आधार मिळतो. गोव्यात २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू झाली. हा विशिष्ट उपचार त्यात येतो की नाही, हे होकार देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

काही भाविकांच्या मनाला टोचणी असते, की सर्वस्व विकून उपचार केला नाही तर आपण जीवनाच्या देणगीचा अवमान केला असे होईल. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना साधारण आणि असाधारण उपाय यांतील फरक स्पष्ट केला. १९८० साली व्हॅटिकनच्या घोषणापत्रात तो पुन्हा मांडला गेला. रक्तदाबाची गोळी, फिटचे औषध, नियमित तपासणी ही साधारण काळजी आहे. ती टाळू नये. पण ज्या उपचाराचा धोका, त्रास किंवा घरावर पडणारा बोजा मिळणाऱ्या लाभाच्या मानाने फार मोठा आहे, तो केलाच पाहिजे असे बंधन नाही. पाचव्या पायरीच्या न फुटलेल्या गुंत्यासाठी लेकरांच्या तोंडचा घास असलेले शेत विकले नाही, तर ते पाप नव्हे. उलट, एकदा फुटलेला लहान गुंता सहज निघण्यासारखा असताना केवळ भीतीपोटी दवाखाना टाळणे, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

घरात आणि शेतात

मार्कच्या शुभवर्तमानात एका बापाने आपला मुलगा प्रभूपुढे आणला. तो मुलगा पुष्कळदा विस्तवात आणि पाण्यात पडे. फिट येणाऱ्या माणसाला घरातले धोके कोणते, ते त्या बापाने अचूक सांगितले आहे. विहीर, तळे, चूल, काजूची भट्टी, माडावर चढणे, ट्रॅक्टर चालवणे, या गोष्टी फिट आटोक्यात येईपर्यंत टाळाव्यात. रानडुकरांपासून पीक राखायला रात्र रात्र जागणे आणि दारू पिणे यांनी फिट बळावते. फिटची गोळी मनाने कधीही बंद करू नये.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही घालावे, आजूबाजूची अवजारे दूर करावीत, घड्याळ पाहावे. कांदा हुंगवू नये, चप्पल लावू नये, हातात किल्ली देऊ नये, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक फिट आली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एकाएकी डोक्यात कधी नव्हे अशी कळ उठणे, उलटी, एक बाजू लुळी पडणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे, ही रक्तस्रावाची लक्षणे आहेत. अशा वेळी देवऋषी नको, घरची अ‍ॅस्पिरिन नको, आणि सकाळची वाटही नको. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्यावे, आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे. धर्मगुरूंना जरूर बोलवावे. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. पण गाडी फादरांसाठी थांबवून ठेवू नये. फादर दवाखान्यात येतील.

नेहमीचे शेतकाम केल्याने गुंता फुटतो असा पुरावा नाही. तेव्हा गुंता सापडलेल्या तरुणाला खाटेवर बसवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तसाच अन्याय मुलींवर होतो. गुंता आहे म्हणून लग्न करता येत नाही असे नाही. आजार हा विवाहाचा अडथळा म्हणून ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत दिलेला नाही. मात्र संसारावर गंभीर परिणाम करणारी गोष्ट संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली, तर १९८३ च्या विधिसंहितेच्या १०९८ व्या कलमाप्रमाणे तो विवाहच अवैध ठरू शकतो. म्हणून सोयरिकीआधी दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावे. ऐकणाऱ्या घरानेही तोंड फिरवण्याआधी हिशेब समजून घ्यावा. गरोदरपणात धोका वाढतो का, याविषयी अभ्यासांत एकमत नाही. म्हणून मूल होऊ देण्यापूर्वीच मेंदूच्या आणि बाळंतपणाच्या, अशा दोन्ही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आईपण आपोआप नाकारले जाते असे मात्र नाही.

धर्मग्रामाचे काम

आम्हांला एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक विभागात दोन माणसे अशी असावीत की ज्यांना फिटचा प्रथमोपचार येतो, ज्यांच्याकडे रुग्णवाहिकेचा आणि दवाखान्याचा नंबर आहे, आणि दुसरे मत घ्यायला जाणाऱ्या घराबरोबर जी जाऊ शकतात. कागदावरचे प्रश्न डॉक्टरांपुढे विचारायला सोबत लागते. एकटा शेतकरी तेथे संकोचतो आणि मान हलवून परत येतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बंधूंनी आणि महिला मंडळाच्या भगिनींनी हे मनावर घ्यावे. त्याला मोठा पैसा लागत नाही. आजाऱ्याच्या शेतातली दोन दिवसांची लावणी शेजाऱ्यांनी उरकून दिली, तरी त्याला बंगळूरला जाता येते.

ज्या घरात असा रिपोर्ट पेटीत पडून असेल, त्यांनी तो या आठवड्यात बाहेर काढावा. त्यावर फुटल्याची नोंद असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. नसेल तर घाबरू नये, जमिनीला हात लावू नये, आधी पायरी विचारावी आणि हिशेब करावा. मग उपटायचे ठरो वा राखायचे ठरो, तो निर्णय विचार करून आणि प्रार्थना करून घेतलेला असू द्या. प्रभू आपल्या सर्वांना तेवढी शांत बुद्धी देवो.